पागोळ्यांचं पिंप आणि न गळणारी तोटी

आमच्याकडे रत्नागिरीच्या बाजूला वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तरी भर जुलैत घरात पाणी नाही असे दिवस येतातच. झाड पडून तारा तुटल्या की पंप बंद. विहीर काठोकाठ भरलेली, पण पाणी गढूळ, आणि रहाट ओढायची सवय आता कुणाला राहिलेली नाही. अशा वेळी मागच्या पडवीच्या वळचणीखाली ठेवलेलं २०० लिटरचं निळं पिंप कामाला येतं. भांडी, संडास, पाय धुणं, गोठा एवढं त्यावर भागतं. मे महिन्यातला टँकर मात्र पिंपामुळे चुकत नाही. तसं कुणी सांगत असेल तर त्याने मेमध्ये पिंपात डोकावून बघितलेलं नाही.

पिंपातलं पाणी डबडं बुडवून काढायचं म्हटलं तर झाकण सारखं उघडं राहतं. मग त्यात पाला, पाल, डासांच्या अळ्या, सगळं येतं. म्हणून तोटी हवी. काम तासाभराचं आहे, पण एक गोष्ट कळली नाही तर दर पावसाळ्यात पुन्हा करावं लागतं. माझं तसंच झालं.

पहिल्या वर्षी मी तापलेल्या सळईने भोक पाडलं, त्यात अर्धा इंची नळ पिळून बसवला आणि सभोवती एपॉक्सीची पुट्टी लिंपली. दोन दिवस टिपूसही नाही. तिसऱ्या दिवशी आईने बादली ओढताना नळाला जरा हिसका बसला आणि पुट्टीचं कडं जसंच्या तसं, बांगडीसारखं, सुटून आलं. आतली बाजू काचेसारखी गुळगुळीत, पिंपाचा एक कणही त्याला लागलेला नव्हता. ती बांगडी मी अजून हत्यारांच्या डब्यात ठेवली आहे.

पिंप ज्या प्लास्टिकचं असतं, त्या एचडीपीईला जवळपास काहीच धरून राहत नाही. पीव्हीसीच्या पाइपाला लावतात ते सोल्यूशन पीव्हीसी विरघळवून जोडतं, पण पिंपावर ते नुसतं वाळून पापुद्रा होतं. सिलिकॉन चार दिवसांनी नखाने सोलता येतं. तेव्हा चिकटवायचा नाद सोडायचा. पिंपाला पाणी अडवतं ते दोन्ही बाजूंनी आवळलेलं रबर. पुढचं सगळं त्या रबराला नीट बसता यावं म्हणून.

पिंप

भंगारवाल्याकडे दोन प्रकार मिळतात. एक पूर्ण तोंडाचं, वर झाकण आणि ते आवळायला लोखंडी पट्टा. दुसरं बंद, वर दोन बुचांचं. शक्य असेल तर पूर्ण तोंडाचंच घ्या. हात आत जातो, आणि दरवर्षी घासताही येतं.

आधी त्यात काय होतं ते विचारा. द्रव ग्लुकोज, फळांचा रस, साबणाचं द्रावण असेल तर ठीक. कीटकनाशक, रंग, थिनर, ऑइल असलेलं पिंप फुकट मिळालं तरी नको, कारण हे प्लास्टिक तसले पदार्थ पिऊन बसतं आणि नंतर पाण्यात सोडत राहतं. थिनरच्या पिंपाला ड्रिल किंवा तापलेली सळई लावणं तर जिवावरचं आहे, आतल्या वाफेचा भडका उडतो. भंगारवाल्याच्या शब्दावर विसंबायचं नसेल तर चार-पाच लिटर गरम पाणी ओतून बूच लावून रात्रभर ठेवा आणि सकाळी नाक लावा. रसायनाचा वास आला की परत करा. लेबल खरवडून काढलेलं असेल तर मी पुढे विचारतच नाही.

पांढरं, अर्धपारदर्शक पिंप टाळा. उजेड आत जातो आणि पंधरा दिवसांत शेवाळ धरतं. निळं किंवा काळं बरं.

आधी ओटा

तोटीच्या आधी पिंप कशावर ठेवायचं ते ठरवा. भरलेलं पिंप २१० किलोच्या आसपास जातं, म्हणजे तीन धडधाकट माणसं एका पाटावर उभी. पावसात माती मऊ झाली की चार विटांवरचं पिंप हमखास एका बाजूला कलतं. आमच्याकडे जांभ्याचे चिरे सहज मिळतात. खाली खडी ठोकून चिऱ्यांचे दोन थर रचले की फूट-सव्वा फूट उंची मिळते आणि तोटीखाली बादली बसते. हंडा-कळशी ठेवायची असेल तर तिसरा थर. घाटावर विटांचा किंवा सिमेंट ब्लॉकचा ओटा चालतो. लोखंडी स्टँड घेतलाच तर त्याच्या पायांखाली फरशीचे तुकडे द्या, नाहीतर पाय चिखलात रुततात.

ओट्याच्या ज्या कडेला तोटी येणार, तिथे पिंप दोन-तीन बोटं पुढे आलेलं ठेवा. तोटीची मान खाली वळते. ओटा पुढे असला की ती चिऱ्यालाच टेकते, आणि बादली वाकडी धरावी लागते.

दुकानात काय मागायचं

"टाकी निपल द्या," एवढं म्हटलं की पुरतं. एका टोकाला रुंद कॉलर, पुढे लांब आटे, त्यावर मोठा नट आणि रबरी वायसर अशी ही वस्तू असते. गच्चीवरच्या टाकीला लावतात तीच. पिंपाला लावायचंय असं सांगितलं की जाणता दुकानदार आपणहून म्हणतो, "मग वायसर जाड घ्या." का, ते पुढे येईल.

तोटी कुठली घ्यायची यावर माझं मत ठाम आहे: पाऊण इंची, प्लास्टिकचा बॉल व्हॉल्व्ह, म्हणजे आतली भोकाची गोळी दांडीने फिरवून उघडायची तोटी. पितळी नळ दिसायला भारदस्त, पण त्याचं वजन तीन-चार मिलिमीटरच्या भिंतीला लोंबकळतं. शिवाय पिंपातल्या पाण्याला जोर नसतो. पाण्याचा दाब उंचीवर ठरतो, १० मीटर उंचीला साधारण १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर. पिंपात पाणी जेमतेम ८० सेंटिमीटर, म्हणजे दाब ०.०८. दुमजली घराच्या गच्चीवरची टाकी खालच्या नळाला याच्या सात-आठपट दाब देते. एवढ्या कमी दाबाला साध्या नळातली अरुंद वाट फार वाटते, त्यात कौलावरचा एक पानाचा देठ अडकला की धार सुतासारखी. बॉल व्हॉल्व्ह उघडला की आरपार मोकळा असतो. फेस काढणारी जाळी असलेले नळ तर इथे अजिबात नकोत. आणि हो, याच कारणाने पिंपाला ठिबक जोडू नका. नेहमीच्या ठिबकला १ किलोच्या आसपास दाब लागतो, तो इथून येणार नाही.

बॉल व्हॉल्व्हचा आणखी एक फायदा म्हणजे त्याला आतून आटे असतात, त्यामुळे तो निपलावर थेट चढतो. साध्या नळाला निपलासारखेच बाहेरून आटे, मग मध्ये सॉकेट लागतो आणि सगळं प्रकरण आणखी दोन इंच पुढे येतं. जेवढं पुढे, तेवढा हिसका जास्त. निपल, व्हॉल्व्ह जे काही घेताय ते काउंटरवरच एकमेकांवर चढवून बघा. नट पूर्ण बसल्यावरही निपलाचे दीडेक सेंटिमीटर आटे बाहेर उरले पाहिजेत.

सोबत टेफ्लॉन टेपची गुंडाळी आणि पंक्चरवाल्याकडून ट्रकच्या जुन्या ट्यूबचा हातभर तुकडा.

भोक केवढं आणि कुठे

इथे बरेच जण फसतात. पाऊण इंची निपल म्हणून पाऊण इंचाचं, म्हणजे १९ मिलिमीटरचं भोक पाडलं तर निपल शिरतच नाही. पाऊण इंच हे पाण्याच्या वाटेचं नाव आहे. आट्यांचा बाहेरचा व्यास साडेसव्वीस मिलिमीटरच्या आसपास भरतो, आणि अर्धा इंचीचा २१. काही टाकी निपलांचे आटे याहूनही जाड असतात, म्हणून हातातली वस्तूच मोजा. व्हर्नियर नसेल तर आट्यांभोवती कागदाची पट्टी गुंडाळा, परीघ मोजा आणि ३.१४ ने भागा. त्यापेक्षा मिलिमीटरभर मोठं भोक हवं. दोन मिलिमीटर झालं तरी बिघडत नाही, वायसर झाकून घेतो. लहान झालं तर कानस आहेच.

पिंपाचा व्यास ५८ सेंटिमीटर धरला तर एक सेंटिमीटर उंचीला अडीच लिटरहून थोडं जास्त पाणी बसतं. तोटी तळापासून १५ सेंटिमीटरवर लावली तर जवळजवळ ४० लिटर पाणी कायमचं तिच्याखाली अडकतं, आणि तिथेच डास वाढतात. अगदी तळाशी लावली तर कौलांवरून आलेला गाळ बादलीत. मी भोकाचा मध्य तळापासून ७-८ सेंटिमीटरवर धरतो. बहुतेक पिंपांचा तळाचा गोलावा तिथे संपून भिंत सरळ होते. हाताने चाचपून बघा. पिंपाच्या दोन बाजूंना वरून खाली गेलेली साच्याची उभी रेघ दिसेल. ती सोडून जागा निवडा, तिच्या उंचवट्यावर वायसर बसत नाही. पिंपावरच्या अक्षरांचंही तेच.

भोक पाडणं

पिंप आडवं करून दोन्ही बाजूंनी लाकडं लावा, नाहीतर ड्रिल लागताच ते गडगडतं. मार्करने खूण करून आधी चार-पाच मिलिमीटरचं छोटं भोक पाडा, मग होल सॉ, म्हणजे ड्रिलला लावायची गोल करवत. वेग कमी ठेवा. जोरात फिरवला तर प्लास्टिक कापलं न जाता वितळतं आणि कडेला गोळे होतात. सुताराकडे होल सॉ असतोच, त्याने पाच मिनिटांत काम केलं तर स्वतः विकत घेण्यात अर्थ नाही. पावसात ओल्या अंगणात विजेचं ड्रिल चालवू नका, हे काम मेच्या शेवटच्या आठवड्यातलं.

गावाकडे जीआय पाइपाचा तुकडा चुलीत तापवून भोक पाडतात. पडतं, पण कडेला जाड, वेडीवाकडी वळी तयार होते. ती दोन्ही बाजूंनी सुरीने कापून सपाट करावीच लागते.

भोक झालं की खरं काम सुरू. कानशीने आणि मग पॉलिश पेपरने कड घासा, आतून आणि बाहेरून. बोट फिरवलं की कुठेही खुपता कामा नये. एक केसाएवढी धार वायसरखाली राहिली की तिथून पाणी झिरपणार. आत पडलेला भुसा काढून टाका, नाहीतर पहिल्याच दिवशी व्हॉल्व्हमध्ये जातो.

बसवणं

आता जाड वायसरचं कारण. पिंप गोल आहे आणि निपलाची कॉलर सपाट. साडेपाच सेंटिमीटरच्या कॉलरखाली मध्य आणि कड यांत सव्वा मिलिमीटरच्या आसपास फट राहते. निपलासोबत येणारा पातळ, कडक वायसर ती भरू शकत नाही. तीन मिलिमीटरचं मऊ रबर भरतं. ट्यूब पातळ असेल तर दोन चकत्या कापून एकावर एक ठेवा. चकती कापताना मधलं भोक आट्यांना घट्ट बसेल इतकंच ठेवा, बाहेरून ती कॉलरपेक्षा किंचित मोठी.

क्रम असा: आतून कॉलर, तिला टेकून रबर, मग पिंपाची भिंत, बाहेरून दुसरं रबर, त्यावर पातळ प्लास्टिकची चकती, शेवटी नट. चकती नसेल तर नट फिरताना रबराला पिळून बाहेर काढतो. आतलं रबर महत्त्वाचं, कारण पाणी तिथेच अडायला हवं. नुसतं बाहेरून रबर लावलं तर पाणी आट्यांच्या घळीतून वाट काढत नटापर्यंत येतं आणि आपण नट आवळत बसतो.

नट हाताने होईल तेवढा आवळा. मग एकाने आतून कॉलर धरायची आणि दुसऱ्याने बाहेरून पान्ह्याने अर्धा, फार तर पाऊण फेरा. रबर कॉलरच्या कडेने थोडं फुगलं की थांबा. ते पसरून बाहेर डोकावायला लागलं म्हणजे जास्त झालं. "अजून थोडं" म्हणत आवळलेला प्लास्टिकचा नट रात्री कधीतरी टणकन तडकतो.

टेफ्लॉन टेप नटाखाली नव्हे, निपल आणि व्हॉल्व्ह यांच्या जोडावर. आट्यांचं टोक आपल्याकडे धरून घड्याळाच्या दिशेने आठ-दहा वेढे, ताणून. उलटे गुंडाळले तर व्हॉल्व्ह चढवताना टेप सुटून गोळा होते. व्हॉल्व्ह फिरवताना निपल धरून ठेवायला विसरू नका, नाहीतर इतक्या निगुतीने बसवलेलं रबर त्याच्यासोबत फिरतं. आणि धातूचे आटे प्लास्टिकच्या आत पिळायचे नाहीत. आतलं प्लास्टिक फाकतं आणि चिरतं.

काही जण निपलच वापरत नाहीत, लहान भोक पाडून नळ थेट प्लास्टिकमध्ये पिळतात. माझी पहिली चूक तीच. अर्धा आणि पाऊण इंची मापाला इंचात १४ आटे असतात, म्हणजे एक आटा १.८ मिलिमीटर. भिंत तीन-चार मिलिमीटरची. सगळा नळ जेमतेम दोन आट्यांवर लटकतो.

बुचाचं पिंप असेल तर

हात आत जात नाही, म्हणून लोक हे सोडून देतात. सुतळीने काम होतं. सुतळीच्या टोकाला एक नट बांधा, तो खालच्या भोकातून आत सोडा आणि पिंप तिरकं करून हलवत राहा. नट घरंगळत मोठ्या बुचापाशी येतो, तिथून हुकाच्या तारेने बाहेर काढा. आता सुतळी एका भोकातून शिरून दुसऱ्यातून बाहेर आलेली आहे. नट सोडा, निपलातून सुतळी ओवा, आट्यांचं टोक आधी आणि कॉलर मागे अशी. कॉलरच्या मागे काडेपेटीतल्या काडीएवढी काटकी आडवी बांधा, म्हणजे सुतळी निसटणार नाही. रबर आधीच निपलावर चढवलेलं असू द्या. मग खालून हळूहळू ओढायचं. निपल आत ठक्‌ ठक्‌ करत खाली येतं, दोनदा तिरकं अडकतं, सुतळी ढिली करून पुन्हा ओढली की आटे भोकातून डोकं बाहेर काढतात. सुतळी ताणून धरूनच नट चढवा. आवळताना निपल फिरू नये म्हणून त्याच्या पोकळीत लाकडाची निमुळती खुंटी ठोकून ती पकडीने धरा. काटकी आत राहते, ती नंतर पाण्यासोबत येते.

मोठ्या बुचाचं भोक दोन इंची असतं, त्यातून पाऊण इंची निपलाची कॉलर जाईलच असं नाही. अशा पिंपाला अर्धा इंची घ्या, आणि कॉलर बुचातून जाते का ते भोक पाडण्याआधी बघा, नंतर नव्हे.

पाणी भरून बघणं

आधी तोटीच्या वर वीतभर पाणी. जोड कोरड्या फडक्याने पुसा, खाली वर्तमानपत्र पसरा आणि तासभर थांबा. कागदावर थेंबाचा डाग डोळ्यापेक्षा लवकर दिसतो. ठीक असेल तर अर्धं भरा, मग पूर्ण आणि रात्रभर ठेवा. पिंप भरलं की भिंत किंचित फुगते आणि रबर नव्याने बसतं, म्हणून सकाळी थोडी ओल दिसली तर घाबरू नका, पाणी काढून नट पाव फेरा आवळा. तरीही झिरपलं तर रबर उघडून कड पुन्हा घासा. आवळण्याने बरं न झालेलं गळणं मी तरी प्रत्येक वेळी कडेवरच्या चिमूटभर खरबरीतपणापाशीच पकडलं आहे.

वरून जाणारं पाणी

एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. आमच्या पडवीचं छप्पर १२ चौरस मीटर. २० मिलिमीटरची सर आली की थोडं वाया जाऊनही पिंप भरतं, आणि कोकणात तेवढी सर चहा होईपर्यंत येऊन जाते. म्हणजे पिंप बहुतेक वेळ ओसंडतच असतं. ते पाणी ओट्याच्या पायात गेलं की चिरे खचतात. म्हणून काठापासून चार बोटं खाली आणखी एक टाकी निपल, दीड इंची, आणि त्याला पाइप लावून पाणी माडाच्या आळ्यात. तासाला ६० मिलिमीटर पाऊस असेल तर त्याच छपरावरून मिनिटाला १२ लिटर येतात, अर्धा इंची नळी त्याला पुरत नाही.

पन्हळीतून येणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी मच्छरदाणीची जाळी दुहेरी करून बांधा, ओसंडण्याच्या पाइपालाही. बुचाच्या पिंपात हवा शिरायला वाट ठेवा, म्हणजे दुसरं बूच काढून तिथे जाळी. नाहीतर तोटी गटगट करत अडखळते. हंगामातल्या पहिल्या एक-दोन सरी पिंपात घेऊच नका, पाइप बाजूला वळवा. वर्षभराची धूळ, पक्ष्यांची विष्ठा आणि वाळलेलं शेवाळ त्यात असतं. नंतरही हे पाणी प्यायचं नाही.

डेंग्यूचा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत त्यांचे डास होतात. आरोग्य खातं कोरडा दिवस पाळा म्हणतं तो याचसाठी. आठवड्यातून एकदा पिंप तोटीने रिकामं करा, उरलेलं तिरकं करून ओता आणि आतली भिंत नारळाच्या सोडणाने घासा. घासणं चुकवू नका, कारण अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी होऊनही महिनोन्महिने तग धरतात. रिकामं पिंप आठ-नऊ किलोचंच. वारा असेल तर ते अंगणभर फिरतं आणि तोटीवरच आपटतं, तेव्हा घासून झालं की लगेच दोन बादल्या पाणी टाका.

तोटीला बादली अडकवू नका, पोरांना तिच्यावर पाय देऊन चढू देऊ नका. दसऱ्यानंतर पिंप धुऊन सावलीत उपडं घालायचं, उन्हात ते दोन-तीन वर्षांत फिकट आणि ठिसूळ होतं. व्हॉल्व्ह अर्धा उघडा ठेवायचा, म्हणजे आत पाणी साचत नाही. ट्यूबच्या उरलेल्या तुकड्यातून दोन चकत्या त्याच दिवशी कापून तारेने पिंपाच्या पट्ट्याला बांधून ठेवल्यात मी. जूनमध्ये पंक्चरवाला सापडतो, पण पावसात त्याच्यापर्यंत जायला नको वाटतं.